इंजिन बदलले, आता वेगाचा काटाही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीचे इंजिन बदलण्याविषयी बोलणे निघाले की ताकद, मायलेज आणि कागदपत्रे यांवर भरपूर चर्चा होते. स्पीडोमीटरचे नाव मात्र कोणी घेत नाही. नवे इंजिन बसवून गाडी रस्त्यावर आली की मालकाला जाणवते, काटा ऐंशीवर आहे आणि शेजारून साठ-पासष्टने जाणाऱ्या गाड्या काही मागे पडत नाहीत. तो गॅरेजमध्ये विचारतो. उत्तर ठरलेले असते: "मीटर दहाने जास्त दाखवते, दहा वजा करून वाचा, सवय होईल." मी स्वतः गाड्या दुरुस्तीच्या व्यवसायात आहे आणि आमच्याच लोकांकडून हे वाक्य सतत ऐकतो, म्हणून हे पत्र. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि काटा उलट्या बाजूला चुकत असेल तर अशी बेफिकिरी जिवावर बेतू शकते.

मुळात स्पीडोमीटर इंजिनाचे फेरे मोजत नाही, ते काम आरपीएम मीटरचे. वेगाची खबर गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून येते, नव्या गाड्यांत पुष्कळदा चाकांजवळच्या एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून. मग इंजिन बदलल्यावर ते का बिघडावे? कारण इंजिन सहसा एकटे येत नाही. त्याच्यासोबत त्याचा गिअरबॉक्स येतो, कधी क्राउन-पिनियन (चाकांकडे फेरे पोचवणारी शेवटची दातेरी जोडी) बदलतात, ताकद वाढली म्हणून टायरही मोठे घातले जातात. मीटर तेवढे जुनेच राहते आणि जुन्याच हिशेबाने काटा हलवत राहते.

जुन्या केबलच्या मीटरमध्ये हा हिशेब डोळ्यांनी पाहता येतो. केबलबरोबर मीटरमधले चुंबक फिरते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळू पाहते आणि एक बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. ऑटो शुल्झ या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये याचे पेटंट घेतले. केबल किती फिरली म्हणजे एक किलोमीटर झाला, हे मीटर बनतानाच ठरलेले असते. जपानी मानकात ताशी ६० किलोमीटरला केबल मिनिटाला ६३७ फेरे घेते, म्हणजे किलोमीटरला ६३७. अमेरिकी पद्धतीत मैलाला १००० फेरे, म्हणजे किलोमीटरला साधारण ६२१. सेन्सरच्या गाड्यांत फेऱ्यांऐवजी पल्स, म्हणजे सेन्सरकडून येणारे विजेचे ठोके, मोजले जातात आणि तिथे गफलत फार मोठी होऊ शकते. एका फेऱ्याला ४ पल्स गृहीत धरणाऱ्या मीटरला ८ पल्सचा सेन्सर जोडला, तर गाडी ५० ने चाललेली असताना काटा १०० वर जातो. इतकी मोठी चूक निदान लगेच लक्षात तरी येते. दहा-पंधरा टक्क्यांची चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

आता 'दहा वजा करा' याकडे येतो. गिअरच्या दातांचा, पल्सचा किंवा टायरचा मेळ बसला नसेल, तर चूक ठरावीक किलोमीटरची नसते, प्रमाणात असते. मीटर २० टक्के जास्त दाखवत असेल, तर खऱ्या ५० ला काटा ६० वर असतो आणि खऱ्या १०० ला १२० वर. दहा वजा करणे फक्त पहिल्या ठिकाणी बरोबर ठरते. उलट बाजूची चूक याहून वाईट. काटा ६० वर आणि गाडी प्रत्यक्षात ७२ ने चाललेली असेल, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर ४४ टक्के वाढते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकाला याची कल्पनाच नसते. तो पुढच्या गाडीपासूनचे अंतर काट्यावर विश्वास ठेवून राखत असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार नव्या गाडीचे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही. जास्त दाखवले तरी खऱ्या वेगाचे १० टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर एवढीच सवलत आहे. म्हणून कारखान्यातून आलेले मीटरही थोडे चढेच असते. दोन-चार टक्क्यांचा चढा फरक दिसला म्हणून कोणी घाबरू नये.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला महागडे यंत्र लागत नाही. टायरमधली हवा बरोबर भरावी आणि सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलमधला जीपीएस वेग वाचावा, चालवणाऱ्याने नव्हे. वेग काही क्षण स्थिर ठेवावा, कारण गाडी वेग घेत असताना जीपीएसचा आकडा मागे राहतो. ४०, ६० आणि ८० असे तीन आकडे टिपावेत. जीपीएस नसेल तर किलोमीटरचे दगड आणि घड्याळ पुरते. ३६०० ला एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी भागले की खरा वेग मिळतो. काटा साठवर स्थिर असताना ५४ सेकंद लागले, तर गाडी जवळजवळ ६७ ने चालली आहे.

यापुढची पायरी मात्र बहुतेक जण गाळतात, आणि खरे उत्तर तिथेच असते. मोजलेल्या १० किलोमीटरला ओडोमीटर (एकूण किलोमीटर मोजणारा आकडा) किती पुढे सरकले, ते पाहावे. ते ११ सरकले आणि काटाही दहा टक्के चढा असेल, तर दोष दात, पल्स किंवा टायर यांच्या हिशेबात आहे. ओडोमीटर बरोबर १० सरकले आणि काटा एकटाच बराच चुकत असेल, तर गिअरबॉक्सला हातही लावू नये. दोष मीटरच्या आत आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा डॅशबोर्ड खोलताना काटा काढून चुकीच्या जागी बसवला आहे. काटा असा सरकला असेल तर फरक सगळ्या वेगांना सारखा राहतो. 'दहा वजा करा' हे फक्त याच प्रकारात खरे ठरते, आणि नेमकी हीच दुरुस्ती सगळ्यात सोपी असते.

हिशेबाचा दोष काढणे केबलच्या गाडीत फार अवघड नाही. केबल फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे दात मोजावेत, त्यांना मीटरच्या वेगाने गुणावे आणि खऱ्या वेगाने भागावे. खऱ्या १०० ला मीटर ११० दाखवत असेल, तर २० दातांऐवजी २२ दातांचा गिअर हवा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचे, म्हणजे त्यातल्या क्राउन-पिनियनच्या दातांचे, प्रमाणही पाहावे लागते. ३.५५ च्या जागी ४.१० आले की शाफ्ट त्याच वेगाला साडेपंधरा टक्के जास्त फिरतो. पुढच्या चाकांवरच्या बहुतेक गाड्यांत मीटरचा गिअर डिफरन्शियलच्याच घरावर असतो, म्हणून तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. सेन्सरच्या गाडीत पल्स कमी-जास्त करणारे छोटे सर्किट मिळते, पण ते कुठे जोडले याला महत्त्व आहे. फक्त मीटरच्या वायरवर जोडले तर काटा सुधारतो, पण ईसीयूला, म्हणजे गाडीच्या नियंत्रक संगणकाला, चुकीचाच वेग कळत राहतो. मग ऑटोमॅटिक गिअर भलत्याच वेळी पडतात आणि क्रूझ कंट्रोलही फसते. ईसीयूला येणारा आकडा स्कॅनरवर तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मी मानत नाही.

किलोमीटरची नोंद हा यातला दुर्लक्षित भाग. वेग दहा टक्के चुकतो तेव्हा बहुधा गाडीचे रनिंगही तितकेच चुकते. ऑइल आणि टायमिंग बेल्ट बदलायची वेळ हुकते आणि पुढे गाडी विकत घेणाऱ्याची फसवणूक होते.

माझी विनंती साधी आहे. इंजिन बदलाची तपासणी करणारे अधिकारी इंजिन क्रमांक पडताळतात, तसा वेगाचा काटाही पडताळावा. माझ्या व्यवसायबंधूंनी अशा कामाच्या बिलावर तीन वेगांना मीटर आणि जीपीएसने दाखवलेले आकडे, इंजिन बदलले तेव्हाचे ओडोमीटर आणि बसवलेल्या टायरचे माप लिहून द्यावे. गाडीमालकांनी या नोंदी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

कळावे,
आपला,
एक वाचक व गाडी दुरुस्ती व्यावसायिक