गाई विकायच्या आधी एवढं वाचा

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता झेपत नाही, सगळ्या गाई काढून टाकू." दादाचंही तेच म्हणणं आहे. फोनवर नीट बोलणं होईना, म्हणून सविस्तर लिहिते. तुमची कंबर आणि आईचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण मला वाटतं, तुम्हाला गाई झेपत नाहीत असं नाही, दावणीचा गोठा झेपत नाही. सहाच्या सहा विकण्याआधी गोठ्याची पद्धत बदलून बघू या.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. ती आईसाठी आहे.

ठिपकी सातव्या महिन्यात गाभडली, वार अडकली आणि आईने ती हातानेच ओढून काढली, असं तुम्ही सांगितलंत. आई, तू वर्षानुवर्षं हेच करत आलीस. पण गाय पाच-सहा महिन्यांनंतर गाभडली की आम्हा गुरांच्या डॉक्टरांना पहिली शंका येते ती ब्रुसेला या रोगाची. गाभडलेलं वासरू, वार आणि त्यानंतर गाईच्या अंगावरून जाणारी घाण यातून हा रोग माणसाला लागतो. हाताला एखादी भेग असली तरी तेवढी पुरते. मग ताप येतो-जातो, रात्री घाम सुटतो, सांधे-कंबर दुखत राहतात आणि आपण म्हणतो, वय झालं. तुझे गुडघे वयामुळेच दुखत असतील, तसंच असो. तरी डॉक्टरांकडे जाऊन ब्रुसेलासाठी रक्त तपासून घे, आणि घरची गाय गाभडली होती, वार मी हाताने काढली, हे स्वतःहून सांग. रोग निघालाच तर त्यावर औषध आहे, फक्त ते काही आठवडे न चुकता घ्यावं लागतं. पुढे कधी वार अडकली तर ओढायची नाही. बारा तास वाट बघायची आणि मग डॉक्टरांना बोलवायचं. कोपरापर्यंतचे हातमोजे मी कुरिअरने पाठवते आहे.

बाबा, सगळ्याच गाईंचं रक्त दवाखान्यामार्फत तपासायला पाठवा. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे ही तपासणी होते. अहवाल हातात येईपर्यंत एकही गाय बाजारात न्यायची नाही. आपल्या गोठ्यातलं दुखणं दुसऱ्याच्या दावणीला जायला नको. ठिपकीला तोवर वेगळी बांधा. पुन्हा असं घडलं तर वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्यांच्या तोंडी लागू द्यायची नाही. घरचं दूध उकळूनच प्या. चंद्रीची कालवड आता चार महिन्यांच्या पुढे गेली असेल. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, आणि तीही आयुष्यात एकदाच. ही वेळ टळू देऊ नका.

आता गोठ्याचं. तुमचा दिवस कशात जातो ते मोजून बघा. दिवसातून तीन वेळा शेण उचलायचं, गाई सोडून हौदावर न्यायच्या, परत आणून बांधायच्या, धुवायच्या. दूध काढण्यापेक्षा यातच अंग मोडतं. मुक्त गोठ्यात गाई न बांधता कुंपणात मोकळ्या ठेवतात, त्यामुळे यातलं बहुतेक काम गाय स्वतः करते. चिंचेखालची जागा उंचावर आहे, सावली आयती आहे. एका गाईला सगळं मिळून साधारण २०० चौरस फूट जागा धरतात. सहापैकी चार गाई ठेवल्या तर ८०० चौरस फूट झाले, आपल्याकडे त्याहून जास्त आहे. भोवती जाळी, एका बाजूला पाण्याचा हौद, दुसऱ्या बाजूला पत्र्याखाली गव्हाण. बास. शेण रोज उचलायचं नाही. ते तुडवून, वाळून भुगा होतं आणि काही महिन्यांनी ट्रॅक्टर लावून चांगलं खत निघतं.

मला सगळ्यात मोठा फायदा दिसतो तो पाण्यात. लिटरभर दुधामागे गाईला तीन-चार लिटर पाणी लागतं. दावणीला बांधलेली गाय तुम्ही न्याल तेव्हाच पिते, मोकळी गाय रात्री दोन वाजताही उठून पिते. उन्हाळ्यात होल्स्टिन धापा टाकते, तोंडातून लाळ गाळते, चारा सोडते. तिला तेव्हा हवी तिथे सावलीत जाऊन उभं राहता आलं पाहिजे. माजही कळतो. दावणीला फक्त बळस (अंगावरून जाणारा चिकट स्राव) आणि हंबरणं दिसतं, मोकळ्या गाई एकमेकींवर उडतात. जी दुसरीला अंगावर उडू देऊन गप उभी राहते, तीच माजावर. ती सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

पावसाळ्याची काळजी मात्र घ्यावी लागेल. चिखल झाला की कासेला दगडी (काससूज) आणि खुरं कुजणं ठरलेलं. त्यामुळे मुरूम टाकून उतार काढल्याशिवाय सुरुवात करायची नाही. गाई पहिल्या आठवड्यात मारामारी करतील, एक वरचढ ठरली की थांबतील. गाभण आणि आटवलेल्या गाईंना मधे जाळी लावून वेगळं ठेवा.

दगडीवरून आठवलं. आई, धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढायच्या. बारीक गुठळ्या, दोरे किंवा पाणी दिसलं तर त्या गाईची धार सगळ्यात शेवटी. काढून झाल्यावर चारही सडं आयोडीनच्या द्रावणात बुडवायची. त्यानंतर गाय अर्धा तास बसता कामा नये, कारण सडाचं तोंड तोवर उघडं असतं. म्हणून वैरण धार काढून झाल्यावर टाका, ती खात उभी राहील.

व्यायला आलेल्या गाईला ताकद येईल म्हणून बाबा आधीपासून कॅल्शियमची बाटली पाजतात, ते बंद करा. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडांतलं काढायची शरीराची सवय मंदावते. मग व्याल्यावर एकदम दूध उतरलं की गाय मान पोटाकडे वळवून बसते. बसलीच तर तोंडाने काही पाजू नका, ठसका लागून औषध फुप्फुसात जातं. डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पथकाचा १९६२ हा नंबर गोठ्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही, असं शेजारची काकू सांगते ते ऐकायचं नाही. वासराच्या पोटात पहिल्या तासा-दोन तासांत चीक गेला पाहिजे. दिवस उलटला की त्यातली रोगाशी लढायची ताकद वासराच्या रक्तात उतरत नाही.

राहिला प्रश्न कोणत्या गाई ठेवायच्या. तुमचं मन राणीवर आहे, ती दूध सगळ्यात जास्त देते म्हणून. पण तिला वरचेवर दगडी होते आणि ती गाभ धरत नाही. चंद्री कमी देते, पण व्याल्यावर तीन महिन्यांच्या आत गाभण राहते आणि डॉक्टर तिच्यासाठी क्वचितच लागतो. आता तुम्हा दोघांना चंद्रीसारख्या गाई हव्यात. तशा चार ठेवू. अहवाल चांगला आला की राणी आणि आणखी एक काढू, गिऱ्हाईकाला दगडीचं सांगूनच.

जाळीचे आणि पायपांचे पैसे मी देते, त्यावर वाद नको. दादाशीही मी बोलते. तुम्ही चिंचेखालची जागा फुटात मोजून, पावसाचं पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते कागदावर काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवा. दिवाळीला मी सुट्टी काढून येते, तेव्हा खांब उभे करू. आईच्या तपासणीला मात्र दिवाळीची वाट बघायची नाही. बाबा, या सोमवारीच तिला घेऊन जा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

तुमची,
मनू