सुई टोचली तर ड्यूटी संपायची वाट पाहू नकोस

नागपूर

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू वॉर्डात रुजू होशील. हँडओव्हर (पुढच्या पाळीला काम सोपवणं) झाल्यावर निवांत सांगू, या विचारानेच वॉर्डातले बरेच अपघात आणि चुका उशिरा कळतात. म्हणून हे लिहिते आहे.

सुई टोचली तर सगळ्यात जास्त घाई कर. हातमोजा काढ, वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धू. बोट पिळू नकोस, तोंडात घालू नकोस, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नकोस. लगेच इन्चार्ज सिस्टरना सांग, रात्रपाळी असेल तर सीएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो 2 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. 72 तास उलटले की ती देत नाहीत. कोर्स 28 दिवसांचा. तुझं रक्तही तेव्हाच तपासून घे, नाहीतर लागण कामावर झाली हे पुढे सिद्ध करणं अवघड जातं. सुई कोणत्या रुग्णाची, तेही सांग. त्याला सुट्टी झाली की त्याचं रक्त मिळणं कठीण. रुग्णाला एचआयव्ही असेल तर त्याचा धोका 300 मध्ये एखादा, पण त्याला हिपॅटायटिस बी असेल तर लस न घेतलेल्याला तो होण्याचा धोका 30 टक्क्यांपर्यंत असतो.

चुकीचं औषध गेलं तर आधी रुग्णाकडे बघ, मग डॉक्टर, मग इन्चार्ज. पोटॅशियम क्लोराइडची (थेट शिरेत गेलं तर जीवघेणं) अँप्यूल सलाइनच्या ट्रेमध्ये सापडली आणि वेळेत लक्षात आली, तरी कळव. ती तिथे ठेवली कशी गेली, हे शोधायला हवं. फेकू नकोस, दाखव. मे महिन्यात कूलरचं पाणी कॉरिडॉरभर पसरतं, त्याचंही तसंच. कुणी घसरायच्या आधी सांग.

नातेवाईक अंगावर आले तर आधी तिथून बाजूला हो, सिक्युरिटीला बोलाव, मग वरिष्ठांना कळव. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. "शिवीगाळच तर केली" म्हणून सोडून देऊ नकोस. त्रास देणारा वरिष्ठच असेल आणि प्रकार लैंगिक असेल, तर त्याच्याकडे न जाता अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार कर. मुदत 3 महिन्यांची.

घटना कळवायच्या फॉर्मवर वेळ, जागा, काय दिसलं, कोण हजर होतं एवढंच लिही. "निष्काळजीपणामुळे" असले शब्द नकोत. रुग्णाला काय झालं, काय उपचार केले ते केसपेपरवर येईल, पण फॉर्म भरल्याचा उल्लेख तिथे करू नकोस.

हिपॅटायटिस बीच्या लसीचा तिसरा डोस झाला की एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) तपास. 10 च्या वर आलं की मला रिपोर्ट पाठव.

तुझी,
आई