तक्त्यात रॅमचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तंत्रज्ञानाच्या पानावर आपण मध्यम श्रेणीच्या दोन लॅपटॉप-प्रोसेसरांची तुलना छापलीत, ती वाचून हे पत्र लिहिते आहे. इंटेलचा कोअर आय५-१३३५यू आणि एएमडीचा रायझेन ५ ७५३०यू ही नेमकी जोडी आमच्या घरात एकाच टेबलावर समोरासमोर असते. पहिला माझा, दुसरा लेकीचा. मी अनुवादक आहे. दिवसभर मजकूर, अधूनमधून सबटायटल्स, आणि रात्री सगळं आवरलं की 'एज ऑफ एम्पायर्स २'. मूळ खेळ १९९९ सालचा, मी खेळते ती आवृत्ती २०१९ची. पन्नाशीला आलेल्या बाईने किल्ले बांधू नयेत असा काही नियम नाही. लेक 'रॉकेट लीग' खेळते.

आपल्या लेखाचा निकाल असा: इंटेलमध्ये दहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), एएमडीत सहाच, इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स नवं, एएमडीचं वेगा जुनं, तेव्हा कामाला काय नि हलक्याफुलक्या खेळांना काय, इंटेल घ्या. हे अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या तक्त्याच्या जोरावर आपण हे म्हटलंत, त्याला एक रकाना कमी आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे मी सहा महिने बिचाऱ्या प्रोसेसरला बोल लावत होते.

आधी दहा आणि सहाचं बघू. इंटेलचे ते दहा एकसारखे नाहीत. त्यातले दोनच मोठे, ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारे; उरलेले आठ लहान, कमी विजेत काम करणारे, ३.४ गिगाहर्ट्झवर थांबणारे. रायझेनचे सहाच्या सहा मोठे, ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी हाती घेता येणारी कामं, मोजले तर दोन्हीकडे बाराच भरतात. एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली छोटी चपळ मेमरी, इंटेलमध्ये १२ एमबी, रायझेनमध्ये १६. म्हणजे 'दहा विरुद्ध सहा' हा सामना दिसतो तितका एकतर्फी नाही.

माझ्या कामात याचा फरक कुठे पडतो? टायपिंग, ईमेल, ब्राउझरचे तीसेक टॅब, शब्दकोश, यांत काडीचा नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून बसवलं तर कुठला लॅपटॉप कुणाचा हे मला सांगता येणार नाही (कीबोर्डवरून सांगेन, ते सोडा). भल्या मोठ्या फाइलीत एकदम शब्द बदलायचे असले की इंटेल किंचित चपळ वाटतो. त्याचे मोठे कोअर नव्या धाटणीचे आहेत, तर ७५३०यू मधली 'झेन ३' ही एएमडीच्या कोअरची पिढी २०२०ची. पण टंकलिखित पानांच्या स्कॅनमधून मजकूर काढायचं लांबलचक काम लावलं, की उलटं होतं. माझा लॅपटॉप सुरुवातीला सुसाट, मग पंखा घुमायला लागतो, मग तो दमतो. लेकीचा एका चालीने चालत राहतो आणि आधी पोचतो. दोघांवरही वीजवापर १५ वॉट असा लिहिलेला आहे. इंटेलला मात्र थोडा वेळ ५५ वॉटपर्यंत उसळी मारायची मुभा आहे, आणि ती किती द्यायची, किती वेळ द्यायची, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. तेच १३३५यू जाडजूड लॅपटॉपमध्ये, चांगल्या पंख्याखाली वेगळं वागेल. आपल्या लेखात कोणते लॅपटॉप वापरले त्यांची जाडी, वजन, काहीच नाही.

एका बाबतीत इंटेलच्या बाजूने बोलायलाच हवं, आणि ती आपल्याकडून राहून गेली. हल्ली ऑनलाइन व्हिडिओ बऱ्याचदा एव्ही१ या प्रकारात येतात. आयरिस एक्सईमध्ये ते उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे. ७५३०यू मधल्या 'वेगा' ग्राफिक्समध्ये ती नाही, त्यामुळे तो भार कोअरवर पडतो. सबटायटल्स करताना एकच प्रसंग वीस वेळा पुढेमागे करावा लागतो, तेव्हा हे मला रोज जाणवतं. ज्याला नुसते सिनेमे बघायचे आहेत त्याला कदाचित बॅटरी थोडी लवकर उतरते एवढंच कळेल.

आता खेळांचं. आपला लेख म्हणतो त्याप्रमाणे माझ्या लॅपटॉपवर 'रॉकेट लीग' लेकीच्या लॅपटॉपपेक्षा चांगला चालायला हवा होता. तो चालत नव्हता. चित्राची गुणवत्ता खाली आणली तरी चेंडू हवेत गेला की फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) तिशीत यायच्या, तर तिच्याकडे त्याच सेटिंगवर खेळ लोण्यासारखा. लेकीने मला व्यवस्थित चिडवून घेतलं. मी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, लॅपटॉपखाली पुस्तक सारून हवा खेळती केली. शेवटी एकदा डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर ग्राफिक्सच्या जागी 'आयरिस एक्सई' असं नव्हतंच. तिथे होतं 'यूएचडी ग्राफिक्स'. मला वाटलं, फसवलं!

चिप तीच होती. फसलं होतं ते रॅमच्या बाबतीत. या प्रोसेसरांमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपच्या रॅममधूनच भागवतं. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एकच स्टिक (पट्टी) असेल तर रॅमचा एकच मार्ग खुला असतो आणि सेकंदाला २५.६ जीबी इतकीच ये-जा होऊ शकते. दोन स्टिक असतील तर दोन मार्ग, ५१.२ जीबी. टायपिंगला या फरकाने काही होत नाही, कोअर आपल्या कॅशवर वेळ मारून नेतात. ग्राफिक्स मात्र उपाशी राहतं. आणि रॅम दुहेरी मार्गाने जोडलेली नसेल तर इंटेल त्या ग्राफिक्सला आयरिस एक्सई हे नावच लावत नाही. माझ्यात ८ जीबीची एकच स्टिक होती, शेजारचा स्लॉट रिकामा. लेकीच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डावर आणि ८ स्लॉटमध्ये, दोन्ही मार्ग चालू. जुनं वेगा जिंकलं ते यामुळे.

तशीच दुसरी स्टिक घातली. पुन्हा सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आपोआप आयरिस एक्सई आलं आणि तिशीतले फ्रेम पन्नाशीपलीकडे गेले. आता दोन्ही लॅपटॉप जवळपास बरोबरीत आहेत, माझा कणभर पुढे. गंमत म्हणजे माझ्या 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये फारसा फरक पडला नाही. तिथे शेकडो सैनिकांनी कुठून कसं जायचं याचा हिशेब चालतो, आणि तो मुख्यतः एखाद-दुसऱ्या कोअरच्या वेगावर अवलंबून असतो.

जाता जाता आणखी एक. आपण चौकटीत 'बजेट कमी असेल तर रायझेन ५ ७५२०यू, थोडाच फरक' असं म्हटलं आहे. आकड्यात दहाचाच फरक आहे, खरं. पण एएमडीच्या त्या नामावलीत पिढी तिसऱ्या अंकात असते: ३ म्हणजे झेन ३, २ म्हणजे झेन २. ७५२०यू मध्ये चारच कोअर, एल३ कॅश ४ एमबी, आणि ग्राफिक्सचे सात ऐवजी दोनच गट. मजकुराच्या कामाला चालेल. खेळांसाठी कुणी तो आपल्या भरवशावर घेतला असेल तर मला वाईट वाटेल.

माझी विनंती फार मोठी नाही. पुढच्या तुलनेत प्रोसेसरच्या शेजारी रॅम किती, एक स्टिक की दोन, बोर्डावर पक्की बसवलेली की बदलता येण्याजोगी, हे छापा. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा पक्की असते. तिथे माझ्यासारखी नंतर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून हे घेण्याआधीच कळायला हवं. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' ही ओळ पाहावी, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि आपण ज्या आय५ लॅपटॉपवर चाचणी घेतलीत, त्यात स्टिक किती होत्या, तेवढं तरी कळवाल का?

आपली,
एक जुनी वाचक