ती ठेव परत ठेवा, बाबा

डोंबिवली,
रविवार, ८ मार्च २०२६

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचे ६०,००० रुपये आज सकाळी तुमच्या खात्यात परत पाठवलेत. आधी मेसेज आलाय का ते बघा, मग पुढचं वाचा. रागाने परत केलेले नाहीत. फोनवर तुम्ही "नवा कॉम्प्युटरच घेऊन टाक" म्हणालात आणि मी काही बोलायच्या आत पैसे येऊन पडले. ठेव मोडलीत हे नंतर आईकडून कळलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवाळीपासून मी दर रविवारी कॉम्प्युटरचं रडगाणं तुमच्या कानावर घालत होते, त्यातून हे झालं. आता कॉम्प्युटर पूर्ण बरा आहे. तो कशाने आजारी होता आणि काय केल्यावर बरा झाला हे तुम्हाला सविस्तर कळायला हवं, नाहीतर तुम्ही पुन्हा पैसे पाठवाल. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

तुम्हाला ऑगस्ट २०१९ आठवतोय ना? लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरचे भाग घ्यायला आपण दोघं गेलो होतो. पावसात खोके भिजू नयेत म्हणून तुम्ही कॅबिनेटवर स्वतःचा रेनकोट घातलात आणि भिजत ग्रँट रोड स्टेशनला आलात. दादरला ब्रिज चढताना मदरबोर्डचं खोकं छातीशी धरलेलं होतं. त्या दिवशी आपण प्रोसेसर घेतला तो रायझन ५ ३४००जी, कारण त्याच्या पोटातच थोडंफार ग्राफिक्स असतं आणि वेगळ्या कार्डाला पैसे नव्हते. "कार्ड पुढच्या वर्षी घेऊ" असं ठरलं होतं. पण २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा होता आणि लोक क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, कमवायला कार्डं पळवत होते, त्यामुळे भाव दुप्पट झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे ते कमवायचं काम, थांबलं. भाव खाली आल्यावर दिवाळी बोनसमधून मी आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्सचं कार्ड घेतलं. पुढच्या वर्षी रॅम स्वस्त होती तेव्हा ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या काढून १६-१६ च्या लावल्या. जुन्या दोन्ही पट्ट्या कपाटात जपून ठेवल्या होत्या, त्या आता उपयोगी पडणार आहेत.

आता दुखणं सांगते. ऑफिसचं काम आठ तास केलं तरी काही नाही. शनिवारी रात्री दादाबरोबर खेळायला बसलं की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी, पंखे थांबायचे आणि दोन सेकंदांनी आपोआप पुन्हा चालू. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही. विंडोजच्या नोंदवहीत फक्त 'कर्नल-पॉवर ४१' एवढंच लिहिलेलं. त्याचा अर्थ "मी नीट बंद झालो नव्हतो" इतकाच. कारण त्यात नसतं.

आई, तू एकदा विचारलं होतंस, एवढ्या मोठ्या मुलीने खेळायचं काय. दादा टोरांटोला गेल्यापासून आम्ही आठवड्यातून एकदा तासभर बोलतो ते या खेळातच. नुसता फोन केला तर "कसा आहेस, बरा आहे" यापुढे तो जात नाही. हातात काम असलं की बोलतो. आम्ही दोघं युरोपातल्या रस्त्यांवर ट्रक चालवतो, एकामागे एक, आणि तो सांगत जातो. नोकरी गेली होती तेव्हा त्याने ते पहिल्यांदा मला तिथेच सांगितलं, तुम्हाला कळवायच्या दोन आठवडे आधी. तो तास मला गमवायचा नव्हता. दिवाळीपासून त्याचं निम्मं बोलणं तुटायचं.

सगळ्यात आधी मला उष्णतेचा संशय आला. झाकण काढलं तर कूलरच्या पात्यांमध्ये डोंबिवलीची धूळ अशी बसलेली की बोटाने उचलली तर सलग पट्टी निघाली. आई शिवणयंत्राच्या बॉबिनखालचा कापूस जुन्या टूथब्रशने काढते तशीच ब्रशने काढली, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली. प्रोसेसर ९२ अंशांवर जात होता तो ७१ वर आला. मला वाटलं झालं. शनिवारी पुन्हा बंद. मग रॅम तपासली, रात्रभर चाचणी लावून. सकाळी एकही चूक नाही. मग एकेक पट्टी काढून बघितलं. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून पुसून नव्याने टाकला. प्रत्येक वेळी आठवडा जायचा, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

एक खूण मात्र हळूहळू दिसत होती. ट्रक चालवताना कधीतरीच बंद पडायचा. शिकारीचा तो दुसरा भारी खेळ लावला की हमखास. त्या रविवारी तुम्हाला फोनवर हे सांगत होते आणि तुम्ही मधेच म्हणालात, "भार टाकून मोजलंस काय?"

बाबा, तुम्ही आयटीआयच्या पोरांना शिकवायचात ते मी पाचवी-सहावीत असताना ऐकलंय. पंप बंद असताना मीटर २३० व्होल्ट दाखवतो, त्यावर विश्वास ठेवू नका, पंप चालू करा आणि मग बघा किती उरतात. तुमचा पिवळा मल्टिमीटर माझ्याकडेच आहे. मी कॅबिनेटमधला चार पिनांचा एक रिकामा कनेक्टर घेतला. त्यात पिवळी तार १२ व्होल्टची असते, काळी ग्राउंड. एक टोक काळीत, एक पिवळीत. नुसता चालू असताना १२.०८. खेळ सुरू केला, ११.७. जंगलात शिरले, ११.५. स्क्रीनवर आग, धूर, पाऊस एकदम आला तेव्हा मीटरवर ११.३२ दिसले आणि कॉम्प्युटर गेला. १२ व्होल्टमध्ये पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे खाली ११.४ पर्यंत. त्याच्या खाली गेलं की एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, 'सगळं ठीक' असा जो इशारा बोर्डाला सतत देत असतो तो काढून घेतो आणि बोर्ड तिथल्या तिथे थांबतो. तो माझा कॉम्प्युटर वाचवत होता आणि मी त्यालाच दोष देत होते.

ऑफिसमधल्या मैत्रिणीचा एसएमपीएस मागून आणला, लावला, तीन तास तोच खेळ चालवला. एकदाही बंद नाही. तीन महिन्यांनी पहिल्यांदा.

यात चूक माझीच आहे. आपण २०१९ मध्ये घेतलेला एसएमपीएस ४५० वॉटचा. तो त्या वेळच्या कॉम्प्युटरला भरपूर होता. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट खातं आणि त्याच्या खोक्यावर किमान ५५० वॉटचा सप्लाय हवा असं छापलेलं होतं. मी वाचलं होतं. "चालतोय ना" म्हणून सोडून दिलं. त्याने तीन वर्षं ओढलं. आतले वीज साठवणारे कपॅसिटर उन्हाळ्यामागून उन्हाळा तापून सुकत जातात, ताकद कमी होत जाते. नवा होता तेव्हा झटका सोसायचा, आता सोसवेना.

म्हणून आधी ६५० वॉटचा एसएमपीएस घेतला. ते झाल्यावर मग प्रोसेसरचा विचार केला, कारण खेळ अडखळतो ती तक्रार वेगळी होती. नवा कॉम्प्युटर का नाही घेतला, तर तुमचे साठ हजार पुरलेच नसते. नव्या प्रोसेसरला बोर्ड नवा लागतो, रॅम डीडीआर-५ लागते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात आणि एआयच्या डेटा सेंटरना ती हवी तेवढी विकली जातेय, घरच्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो. उलट आपला बोर्ड २०१७ साली पहिले रायझन आले त्याच सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) आहे, आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० त्यात तसाच बसतो. चार कोअरच्या जागी सहा, आणि कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट स्मृती, ४ एमबीवरून ३२. खेळाला त्या कॅशचा फार उपयोग होतो. एसएमपीएस आणि प्रोसेसर मिळून १६,२०० रुपये झाले, माझ्या पगारातून.

नवा प्रोसेसर बसवण्याआधी जुना आत असतानाच बोर्डाचा बायोस, म्हणजे चालू होताना भाग ओळखणारा त्याचा मूळ प्रोग्रॅम, अपडेट करावा लागतो. नाहीतर २०१९ च्या बोर्डाला २०२२ चा प्रोसेसर ओळखताच येत नाही, स्क्रीन काळीच राहते. पेन ड्राइव्हवर फाइल घेतली, यूपीएस पूर्ण चार्ज केला आणि बसले. त्या चार मिनिटांत वीज गेली तर बोर्ड गेला. टक्के वाढत होते आणि मी कोणाशी बोलत नव्हते. ते निभावलं.

चुकले ते पुढे. बायोस झाल्यावर जेवायला उठले, तासाभराने आले तेव्हा सगळं गार झालेलं. कूलर काढायचा तर कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करायची, कूलर आधी डावी-उजवीकडे फिरवायचा आणि मग उचलायचा, हे मला ठाऊक होतं. कंटाळा केला. सरळ वर ओढला तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. पोटाखाली १,३३१ पिना आणि कोपऱ्यातल्या पाच वाकलेल्या. हात थरथरायला लागले. हा प्रोसेसर मला तुमच्यासाठी ठेवायचा होता.

आई, तू मला हॉस्टेलला जाताना दिलेली सुईदोऱ्याची डबी अजून आहे. त्यातली हातशिलाईची बारीक सुई घेतली. टेबलाच्या कडेने टॉर्च आडवा लावला, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पिनांवर धरला. एकेक पिन केसभर सरकवायची, थांबायचं, ओळीत आली का ते दोन बाजूंनी बघायचं. पुन्हा केसभर. एकदम सरळ करायला गेलं तर तुटते आणि तुटली की संपलं. पाच पिनांना पाऊण तास लागला. शेवटी सॉकेटवर ठेवला, दाबला नाही, आणि तो आपल्या वजनाने खाली बसला. चालू केल्यावर बोर्डाने त्याचं नाव दाखवलं तेव्हा मला तुमची दोघांची फार आठवण आली.

तो बसतो याची खात्री झाल्यावर, या वेळी मात्र पेस्ट मऊ करून, तो काढला आणि नवा बसवला. काल शनिवार होता. रात्री नऊला दादा आला, त्याच्याकडे सकाळचे साडेदहा. आम्ही अडीच तास खेळलो. त्याला मी सांगितलंच नव्हतं. दीड तासाने तो म्हणाला, "आज बंद नाही पडला गं तुझा." मग त्याने नव्या घराबद्दल सांगितलं. ते त्याच्याकडूनच ऐका, तो आज-उद्या फोन करेल.

आता तुमच्या कामाचं. तुमचा लॅपटॉप विंडोज १० वर आहे आणि त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालेत. बाबा, तुम्ही त्यावर बँकेचं काम करता आणि सातबारे काढता, मला ते बरोबर वाटत नाही. वापरलेला पण तपासून घेतलेला बोर्ड २,८०० ला मिळाला. त्यावर आपला २०१९ चा प्रोसेसर, कपाटातल्या त्या दोन पट्ट्या, माझी जुनी एसएसडी आणि एक छोटा नवा एसएमपीएस लावलाय. या प्रोसेसरला विंडोज ११ चालतं आणि वेगळं कार्डही लागत नाही. अक्षरं मोठी करून ठेवलीत. आईला दादा मोठ्या स्क्रीनवर दिसेल.

पाडवा १९ तारखेला, गुरुवारी आहे. मी बुधवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडते, कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून आणीन. तोवर दोन गोष्टी करून ठेवा. टेबल खिडकीपासून आत सरकवा, पावसाची वाफ तिथे येते. आणि माजघरातल्या थ्री-पिनला न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजून मला कळवा. पंप चालू ठेवून मोजा. दोन-तीनच्या वर आले तर मी येण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला.

आणि उद्या सोमवारी बँकेत जाऊन ती ठेव परत ठेवा, पावतीचा फोटो मला पाठवा.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, जुना एसएमपीएस आणायला सांगू नका. कपॅसिटर बदलून देतो म्हणाला होतात, तुम्हाला येतं हे मला माहीत आहे. पण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात आणि तुमचा उजवा हात आता पहिल्यासारखा स्थिर नाही. तो मी इथे ई-कचऱ्यात दिलाय.