विमा कपातीचं कळतं कसं

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, सरकारी आरोग्य विम्यात कपात झाली तर माणसाला ते कळतं कसं, असं तुम्ही विचारलंत. बहुतेकदा कळतच नाही. योजना बंद झाल्याचं कोणी जाहीर करत नाही. नूतनीकरण दोनदा करायला लावतात, एक दाखला जास्त मागतात, औषधामागे थोडे पैसे घेतात. नाव गळाल्याचं दवाखान्याच्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर समजतं.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचंच घ्या. २०१८ साली तिथे गरिबांच्या ‘मेडिकेड’ विम्याला अट आली : महिन्याला ८० तास काम केल्याची नोंद करा. सुरुवातीला नोंद फक्त ऑनलाइन, आणि ते पोर्टल रात्री ९ ते सकाळी ७ बंद! तीन महिने चुकले की वर्षअखेरपर्यंत विमा नाही. १८,००० हून जास्त लोक बाहेर फेकले गेले. अट ज्यांना लागू होती त्यांतले बहुतेक जण काम करत होते, नाहीतर सूट मिळायला पात्र होते. रोजगार काही वाढला नाही. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

‘थोडे पैसे भरावे लागले की लोक उगाच डॉक्टरकडे जात नाहीत’ हा युक्तिवाद जुनाच आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने यावर मोठा प्रयोग केला. लोक कमी गेले, हे खरं. पण गरजेचे उपचारही बिनगरजेच्या उपचारांइतकेच टळले. मोफत उपचार मिळणाऱ्या गरिबांचा रक्तदाब मात्र जास्त आटोक्यात राहिला.

पैसे कमी पडले की माणूस आधी गोळ्यांत काटकसर करतो, आणि तिथेच घात होतो. फिटची गोळी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर छातीत दुखणं उसळू शकतं. सावकाश विरघळणारी गोळी मोडून अर्धी घेतली तर औषध एकदम अंगात उतरू शकतं. डायलिसिसची एक पाळी चुकली तरी पोटॅशियम वाढतं, फुप्फुसात पाणी साठू लागतं. वाचवलेला पैसा मग आयसीयूत जातो, तोही दामदुपटीने.

आई, तू कागद जपून ठेवतेस, पण या तीन गोष्टी बघच. विम्याचं कार्ड आणि ओळखपत्र, दोन्हींवर तुझं नाव अक्षरशः एकसारखं आहे ना? नोंदवलेला मोबाइल नंबर आज चालू आहे ना? म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, ठसा उमटत नाही. तेव्हा दुसरा पर्याय काय, हे आजारी पडायच्या आधी विचारून ठेव. अर्ज दिला की पोच घ्यायचीच, शिक्का आणि तारखेसकट. नाव कापलं तर कारण लेखी मागा. अपिलाला मुदत असते आणि ती बहुधा त्या पत्राच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पाकीटसुद्धा फेकू नका.

बाबा, कार्डावरची मुदत संपायची तारीख मला फोनवर वाचून दाखवा.

तुमची,
सुमा