सुट्टीच्या यादीत गोष्टी कुठे आहेत?

आपल्या पुरवणीतील ‘सुट्टीत मुलांनी काय वाचावे’ ही यादी वाचली. चरित्रे आणि सामान्यज्ञानाची पुस्तके त्यात भरपूर आहेत, पण मैत्री आणि घराच्या गोष्टी सांगणारे एकही पुस्तक नाही. नऊ ते बारा वयाच्या मुलांना त्यांचीच खरी भूक असते.

गेल्या वर्षी माझ्या नातीच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. नात आठवडाभर गप्पगप्प होती. मग दुपारी कूलरसमोर बसून तिला ‘तोत्तोचान’ हे एका जपानी मुलीच्या शाळेतल्या दिवसांचे पुस्तक वाचून दाखवू लागलो. पोलिओ झालेल्या यासुआकी या वर्गमित्राला छोटी तोत्तोचान शिडी लावून, ओढत-ढकलत आपल्या झाडावर चढवते, ते पान तिने तीनदा वाचायला लावले. त्या रात्री ती प्रथमच मैत्रिणीबद्दल मोकळेपणाने बोलली. ही कादंबरी नव्हे, लेखिकेच्या बालपणाच्या खऱ्या आठवणी आहेत. मुलांना त्याने काही फरक पडत नाही.

प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ (1994) मोठ्यांचे समजले जाते. पण आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन मुलांना लगेच आपला वाटतो. मोठ्यांनी शेजारी बसून वाचावे, एवढेच. आणि इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी 1952 चे ‘शार्लट्स वेब’ आहेच. त्यात एक कोळीण जाळ्यात शब्द विणून आपल्या मित्राचा, एका डुकराच्या पिल्लाचा, जीव वाचवते.

पुढच्या यादीत अशा पुस्तकांना जागा द्यावी, ही विनंती.

– एक आजोबा, धरमपेठ, नागपूर