जिल्हा परिषदेच्या सभागृहात सरोजिनी नायडूंचे तैलचित्र हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखण्याची तरतूद २०११ साली झाली. जिल्हा परिषदांच्या सभागृहांत जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्या प्रतिमा बहुधा असतात आणि त्या असायलाच हव्यात; परंतु ज्या मताधिकारावर ही सभागृहे उभी आहेत, त्यासाठी झगडलेली स्त्री तेथे सहसा दिसत नाही. म्हणून मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदांनी आपल्या सभागृहात सरोजिनी नायडू यांचे तैलचित्र लावावे, अशी माझी सूचना आहे.

संसदेच्या जुन्या इमारतीतील मध्यवर्ती सभागृहात त्यांचे चित्र आहेच, मग जिल्ह्याला वेगळे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. १३ फेब्रुवारी १८७९ रोजी त्यांचा जन्म हैदराबादला, म्हणजे आपले वाडवडील ज्या संस्थानाचे प्रजाजन होते त्याच्या राजधानीत झाला. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांच्यासमोर मद्रासला गेलेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनी केले. नव्या राजकीय सुधारणांत 'लोक' या शब्दात स्त्रियाही धराव्यात, अशी त्या निवेदनातील मागणी होती. तरीही या सुधारणांविषयीच्या १९१८ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालात स्त्रियांच्या मताचा उल्लेखही आला नाही. १९१९ साली त्यांनी लंडनमध्ये संसदीय समितीपुढे साक्ष दिली. अखेर निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर, म्हणजे प्रांतांच्या विधिमंडळांवर, सोपवला गेला आणि १९२१ साली मद्रास व मुंबई इलाख्यांनी स्त्रियांच्या मतदानावरील बंदी उठवली. मुंबई इलाख्यातील या लढ्यात रमाबाई रानडे पुढे होत्या, हेही नोंदवले पाहिजे.

या यशाचा मराठवाड्याला मात्र काहीच लाभ झाला नाही, कारण आपण ब्रिटिश मुलखात नव्हतो. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे, म्हणजे हैदराबाद संस्थानातील मराठी भाषकांच्या संघटनेचे, पहिले अधिवेशन भरले, तेव्हा येथे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणेसुद्धा सोपे नव्हते. हैदराबादच्या लेकीने मद्रास आणि लंडनमध्ये मागितलेला हक्क हैदराबाद संस्थानातील बायकांच्या हाती पडायला १९५२ ची सार्वत्रिक निवडणूक उजाडावी लागली. त्या वर्षी माझ्या आजीने मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, पहिले मत दिले. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि चिन्ह पाहून तिच्यात मतपत्रिका टाकायची असे. मतदार यादी करणाऱ्याने नाव विचारले, तेव्हा सासरे 'आमची सून' एवढेच सांगून मोकळे झाले आणि तिला दाराआडून स्वतःचे नाव सांगावे लागले, हे ती शेवटपर्यंत हसत सांगत असे. त्या निवडणुकीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढीच ओळख दिलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत, यादीतून वगळावी लागली होती. त्यामुळे आजीचे ते दाराआडचे बोलणे मला क्षुल्लक वाटत नाही.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडते. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी सरोजिनीबाईंनी परिषदेतील प्रतिनिधी बेगम शाहनवाज यांच्यासह दिलेल्या निवेदनात स्त्रियांसाठी राखीव जागा नाकारल्या होत्या. संपूर्ण समानता आणि प्रौढ मताधिकार मिळाला की वेगळ्या सवलतीची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. प्रौढ मताधिकार मिळाल्यानंतरच्या चाळीस वर्षांत निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या पाहता, त्यांचा तो अंदाज चुकला असे माझे मत आहे. राखीव जागेवरून आलेल्या सदस्यांसमोर त्यांचे चित्र असणे म्हणून कोणाला विसंगत वाटेल. मला उलट वाटते: मतभेद असलेल्या व्यक्तीचाही मान राखणे सभागृहाला शोभते.

चित्राखालच्या पाटीवर केवळ 'भारतकोकिळा' लिहू नये. शाळेत आम्ही मुलांना तेवढेच शिकवले आणि मुलांनी तेवढेच पाठ केले. पाटीवर १९१७ चे शिष्टमंडळ आणि 'लोक' या शब्दाविषयीची मागणी असावी, आणि आपल्या भागातील स्त्रियांनी १९५२ साली पहिले मत दिले, हे वाक्यही असावे. खर्च जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून सहज भागेल. एका कार्यालयात रंगकामासाठी उतरवलेली तसबीर पुढे कित्येक महिने कपाटामागे पडलेली मी पाहिली आहे, म्हणून चित्राची नोंद जडवस्तू नोंदवहीत करून त्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याकडे नेमून द्यावी. १३ फेब्रुवारी हा राष्ट्रीय महिला दिनही आहे. अनावरणाला तोच दिवस धरावा आणि पडदा जिल्ह्यातील एखाद्या सर्वांत वयोवृद्ध मतदार आजींच्या हस्ते दूर करावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड